सहादूला शिकवलेलं वाक्य

१९७२ सालच्या दिवाळीत मला कुणीतरी दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या. दिल्या नाहीत. उलट सगळ्या वाडीनं माझं कौतुक केलं. बघा म्हणे, गोजरबाईची मुक्ता, बिनबापाची पोर, पुण्याला विद्यापीठात शिकते, आणि वर जर्मन भाषा बोलते. कौतुकानं माणूस जेवढा वाया जातो तेवढा दारूनंही जात नाही. आज मी नगरला, सावेडीत एकटी राहणारी, पेन्शनवरची म्हातारी आहे, शेजारच्या पोरी मला घाबरून असतात, पण ती दिवाळी आठवली की माझा मलाच संताप येतो.

आमची वाडी पारनेरच्या पलीकडे, माळावर. आई, मी आणि माझ्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटा सहादेव, म्हणजे आमचा सहादू. त्यानं सातवीत शाळा सोडली आणि मी सोडली नाही, एवढाच आमच्यातला फरक. डोक्यानं तो माझ्यापेक्षा तल्लख होता. हे मी आता मोकळेपणानं सांगते, तेव्हा सांगितलं नसतं.

पुण्यात मी एम.एस्सी. करत होते. त्यात इम्युनॉलॉजी नावाचा विषय होता. शरीर परक्याला ओळखतं कसं, लक्षात ठेवतं कसं आणि पुन्हा आला तर हाकलतं कसं, याचं ते शास्त्र. आमचे सर म्हणायचे, या शास्त्रातलं जुनं सगळं जर्मनमध्ये पडलंय, आणि भाषांतर वाचणं म्हणजे दुसऱ्यानं चावून दिलेला घास खाणं. म्हणून संध्याकाळी मी जर्मनच्या वर्गाला जायचे. सकाळी काचेच्या नळ्या, संध्याकाळी जर्मन व्याकरण. मला वाटायचं, जग आता माझ्या मुठीत आलं.

सप्टेंबरात जर्मनच्या बाईंनी सांगितलं, आपापल्या विषयातला एखादा लेख आणा आणि मराठीत उतरवा. सरांनी मला त्यांच्या कपाटातला एक जुना लेख दिला. पानं पिवळी पडलेली, कोपरे तुटलेले. घटसर्प झालेल्या मुलांना घोड्याच्या रक्तातलं औषध टोचलं तेव्हा काय झालं, याची ती हकिकत होती. घोड्याला थोडं थोडं विष टोचत जायचं. घोडा त्याला पुरून उरला की त्याच्या रक्तातलं पाणी, म्हणजे सिरम, काढायचं आणि ते माणसाला द्यायचं. घटसर्पावर तसं करत, धनुर्वातावर तसंच, सापाच्या विषावरही तसंच.

मी शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक ओळ फोडत होते. मूल रोगातून वाचतं. आठवा दिवस उजाडतो. अंगावर गांधी उठतात, ताप चढतो, सांधे सुजतात, मूल रडून रडून दमतं. आठवा ते बारावा दिवस. मग सगळं आपोआप ओसरतं.

मी पेन्सिल खाली ठेवली. हे मूल मी पाहिलं होतं.

सहादू बारा वर्षांचा असताना त्याला पान लागलं. आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत, त्याचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. कडब्याच्या गंजीत घोणस होती, डाव्या पायाच्या अंगठ्याला डसली. त्याला उचलून नाथाच्या देवळात नेलं. पुंजाराम भगतानं कडुनिंबाचा पाला चारला. विष चढलं की पाला कडू लागत नाही म्हणतात; सहादू कडू लागत नाही म्हणाला तेव्हा आईनं हंबरडा फोडला. तेवढ्यात रस्त्यानं शेतकी अधिकाऱ्याची जीप आली. आईनं कुणालाही न विचारता पोराला जीपमध्ये घातलं आणि नगरला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं त्याला घोड्याचं सिरम दिलं. एक नाही, चांगल्या पाच-सहा बाटल्या. पोर वाचलं.

तिसऱ्या दिवशी परत आल्यावर आई सगळ्या वाडीला सुईचं गुणगान सांगत सुटली.  आठव्या दिवशी सहादूच्या अंगावर दशमीएवढ्या गांधी उठल्या. गुडघे सुजले, तापानं पोर फणफणलं. मग पुंजारामाच्या अंगात आलं. पोर मी राखलं आणि नाव सुईचं करता काय, असं नाथ त्याच्या तोंडून बोलला. आईनं पायावर डोकं आपटलं. नवस झाला: ह्या घरात सुईचं नाव पुन्हा निघणार नाही. निघालं तर नाथ पोर परत नेईल. चार दिवसांनी गांधी गेल्या, ताप उतरला. त्यानंतर आठ वर्षं आमच्या घरात ती गोष्ट कुणी काढली नव्हती.

आता माझ्यासमोर त्या पिवळ्या कागदावर नाथाचा कोप दिवसवार छापलेला होता. मला हसू आलं. खरं सांगते, मी खोलीत एकटीच हसले. आणि मग लेखाचं पुढचं पान उलटलं.

पुढच्या पानावर दुसऱ्यांदा टोचलेल्या मुलांची हकिकत होती. शरीर घोड्याला विसरत नाही. वर्षं लोटली तरी विसरत नाही. दुसऱ्यांदा तेच सिरम आत गेलं की ते आठ दिवस थांबत नाही. काही मिनिटांत गांधी, काही मिनिटांत घसा बंद. एका मुलीपुढे नुसती वेळ लिहिली होती, सात मिनिटं, आणि पुढचे रकाने रिकामे होते.

मी ते भाषांतर पूर्ण केलं, बाईंनी शाबासकी दिली, पण माझी झोप उडाली. कारण साल कुठलं होतं बघा. पाऊस दुसऱ्या वर्षी तोंड फिरवून गेलेला, विहिरी कोरड्या, अख्खा तालुका दुष्काळी कामावर. माझी आई आणि सहादू पाझर तलावावर खडी फोडत होते. हातात पहार, पायात काही नाही. आणि त्या काळी लोखंड लागून जखम झाली की पहिलं काय टोचायचे? धनुर्वाताचं इंजेक्शन. तेही घोड्याचंच.

दिवाळीला घरी गेले ती हे ओझं घेऊनच. आई चुलीपुढे मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या, लाल भाकऱ्या थापत होती. मी समोर बसले आणि सरळ विषय काढला. म्हटलं, आई, सहादूला नगरला जी सुई दिली होती ना.

आईनं हातातला पिठाचा गोळा परातीत टाकला.

"मुक्ते, तोंड आवर."

"आई, ऐक तर. तसली सुई त्याला पुन्हा दिली तर तो मरेल. दवाखान्यात सांगायलाच पाहिजे, की आधी घेतलीय म्हणून."

"आन् सांगितलं तर नाथ न्हेईल. दोनी कडनं मराणच सांगाया आलीस व्हय गं पुन्यास्नं?"

"नाथ वगैरे काही नाही. त्या गांधींना शास्त्रात नाव आहे."

"आसंल. नाव तर देवाला बी हाय." आईनं गोळा पुन्हा उचलला. "पुन्यांदा ती गोष्ट काडलीस तर माजं मेलेलं तोंड बघशील."

चिठ्ठी लिहून त्याच्या खिशात ठेवते म्हटलं. तेही नाही. लिहिलेलं कुणीही वाचतं, म्हणजे बोलल्यासारखंच झालं. आईशी वाद घालणं म्हणजे माळावरच्या खडकात विहीर खणणं. मी रागानं ओट्यावर जाऊन बसले.

सहादू पलीकडे पहारीच्या टोकाला दगडावर धार लावत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. दात काढत म्हणाला, "आक्का, तुजी ती जर्मन नाथाला येती का गं?"

"नाथ कुठं पुण्याला शिकायला गेल्ता?"

"मंग झालं की. नाथाला न कळंल आशा भाषंत सांगू दाक्तरला."

वाक्य त्याचं होतं, थट्टेतलं होतं. ते उचलून धरलं मी. शहाणी ना मी. मला वाटलं, काय झकास तोड आहे: नवसही राहील, जीवही राहील. आमच्यापासून दोन कोसावर मिशनचा एक छोटा दवाखाना होता. तो चालवणारी सिस्टर जर्मनीतून आलेली होती. वाडीतली माणसं ताप-जखमेला तिच्याकडेच जायची. म्हणजे ज्याला सांगायचं त्याला कळणार, आणि बाकी कुणाला नाही. मी आईला हे समजावून सांगितलं. ती दिवसभर आपली कामं करत राहिली. दिवे लागल्यावर म्हणाली, "परक्या भाषंतलं नाथ धरणार न्हाई?"

"त्याला कळणारच नाही, आई."

"आन् दाक्तरला कळंल?"

"शिकलेल्या डॉक्टरला कळतं," मी म्हटलं. माझ्या डोळ्यांसमोर सिस्टर होती. पण मी सिस्टर म्हटलं नाही, शिकलेल्या डॉक्टरला म्हटलं. ऐट, दुसरं काय.

चार दिवस मी सहादूला एक वाक्य घोकून घेतलं. इश् हाबे शोन आइनमाल फेर्डेझेरुम बेकोमेन. मला यापूर्वी एकदा घोड्याचं सिरम मिळालेलं आहे. तो पहिल्या दिवशी आपल्या पद्धतीनं म्हणायचा, सिरम शब्द तर स्वच्छ म्हणायचा. ते मला चालेना. मी त्याला जीभ कुठे लावायची, घशातून हवा कशी सोडायची, तोंड कसं ताणायचं ते शिकवलं. तो हसायचा, म्हणायचा, "आक्का, ही भाषा बोलताना जबडा दुकतो गं." पण पोरगा तल्लख. भाऊबीजेपर्यंत असं बोलायला लागला की माझ्या वर्गातली पुण्याची पोरं त्याच्यापुढे पाणी भरतील.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला सिस्टरकडे नेलं. त्यानं हात मागे बांधून वाक्य म्हटलं. सिस्टर आधी खूश होऊन हसली, मग अर्थ ध्यानात आला तशी तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मला जर्मनमध्ये चार प्रश्न विचारले. मग सहादूच्या केसपेपरवर लाल पेन्सिलीनं मोठी फुली काढली.

निघताना तिनं मला थांबवलं. तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "हे मराठीत पण शिकव. मी इथे कायम नाही."

"मराठी त्याला येतेच की, सिस्टर. बोलायची बंदी आहे."

"मग बंदी मोड."

मोडू पुढच्या सुट्टीत, असं म्हणून मी हसण्यावारी नेलं. पुण्याला गेल्यावर मी शांत झोपायला लागले. आपण एक माणूस वाचवला, असं मला वाटत होतं. एकदा तर मी वर्गातल्या मैत्रिणीला ही युक्ती सांगितलीही, आणि तीही म्हणाली की तू कमाल आहेस.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सहादूचं कार्ड आलं. त्याचं अक्षर मोठं, ओळी खाली घसरणाऱ्या. "आक्कास नमस्कार. शिस्टर गेली. दवाखान्याला कुलूप लागलं, हिरीला पानी न्हाई म्हनून. आपल्या तलावाचं काम बी सरलं. मी आन् आई काष्टीला मामाकडं आलो हाय, हितं कालव्याचं काम लई मोठं हाय. खायाला सुकडी मिळती. कामावर दवाखान्याचा तंबू हाय. काळजी करू नको. मला ते वाक्य पाठ हाय."

शेवटची ओळ मी पुन्हा वाचली: तंबूतल्या डॉक्टरला जर्मन कुठून येणार? कार्ड गुरुवारी दुपारी हातात पडलं. त्याच दिवशी दौंडची गाडी धरली असती तर रात्री काष्टीत असते. पण शनिवारी सकाळी जर्मनची तोंडी परीक्षा होती. बाहेरून परीक्षक येणार होते. मी स्वतःला समजावलं, की दोन दिवसांत काय होतंय. पहार काय रोज थोडीच पायावर पडते? रविवारी जाते, तंबूतल्या डॉक्टरला स्वतः मराठीत सांगते, आईनं डोकं आपटलं तरी सांगते. असं ठरवून मी क्रियापदांची उजळणी करायला बसले. शनिवारी अकरा वाजता परीक्षकांनी मला विचारलं, ही भाषा का शिकता? मी सुंदर उत्तर दिलं. त्यांनी मान डोलावली.

रविवारी दुपारी काष्टीला उतरले. बैलगाडीनं कालव्याच्या कामावर गेले. हजारभर माणूस होतं, तरी खडी फोडल्याचा आवाज नव्हता. काम बंद होतं. कुणी गेलं की दुसऱ्या दिवशी काम बंद ठेवायचे, हे मला तिथं पोहोचेपर्यंत ठाऊक नव्हतं. बाया माझ्याकडे बघायच्या आणि बाजूला व्हायच्या. आई बाभळीखाली बसली होती. मला बघून रडली नाही. बस म्हणाली.

मी बसले. आईनं जमिनीकडे बघत सगळं सांगितलं, जसं कामाचं सांगावं तसं.

"बुदवारी पायावर पहार पडली. चिंधी बांदून काम केलं त्यानं. काल सकाळी ताप भरला म्हनून तंबूत न्हेला. दाक्तर आठवड्यातनं एकदा येतो, कंपाउंडर हुता. पोरगा चांगला हाय. त्यानं इचारलं, आदी कदी असली सुई घेतलीया का? सहादूनं माज्याकडं बघितलं. मी बोलले न्हाई. पर मान हलवली, की सांग."

आईनं एक खडा उचलला आणि ठेवला.

"त्यानं सांगितलं. तुज्या भाषंत. एकदा सांगितलं, मंग पुन्यांदा, मंग तिसऱ्यांदा. नीट, सावकाश, तू शिकवलंस तसं. कंपाउंडर त्याच्या तोंडाकडं बघत ऱ्हायला. हनुवटी धरून जबडा बघितला. आन् पळत जाऊन सुई भरून आनली. मला वाटलं, कळलं त्याला. म्हनलं, सांगून झालं एकदाचं, आता जपतील. सुई देताना सहादू माज्याकडं बघून हसला बी."

"आई."

"मंग मान खाजवाया लागला. मंग म्हनला, आई, गळा आवळतोय." ती थांबली. मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "मी हाताला धरून थांबवलं असतं गं त्या कंपाउंडरला. पर तू म्हनली हुतीस, शिकलेल्याला कळतं."

 

थोड्या वेळानं तो कंपाउंडर आला. पंचविशीतला असेल, डोळे सुजलेले. लोकांनी त्याला पोटभर शिव्या घातल्या होत्या आणि त्यानं त्या खाली मान घालून ऐकल्या होत्या. माझ्यासमोर उकिडवा बसला.

"ताई, मी विचारलं होतं. आईंसमोर विचारलं. तो नाही म्हणाला असता तरी मी आधी कातडीखाली थेंबभर टोचून बघतो, अर्धा तास थांबतो. पण त्याचं बोलणं ऐकलं आणि मी घाबरलो. तोंड वाकडं करून, घशातून काहीतरी काढत होता. मला वाटलं जबडा धरला, धनुर्वात सुरू झाला, ताप डोक्यात गेला. आता अर्धा तास घालवला तर पोरगा जाईल. म्हणून लगेच दिलं."

मी मान हलवली. त्याचं बरोबर होतं. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

"पण रात्रभर ते डोक्यातनं जाईना. तीनदा म्हणाला, तिन्ही वेळा तेच. तापात बरळणारा माणूस तीनदा तेच कसं म्हणेल? माझ्या कानात बसलंय ते." आणि डोळे मिटून, सावकाश, तो बोलला. "इश् हाबे शोन आइनमाल फेर्डेझेरुम बेकोमेन."

एक शब्द चुकला नाही. मी जिथं जीभ लावायला शिकवलं होतं तिथंच त्याची जीभ लागत होती.

"तुम्ही पुण्याला शिकता म्हणे. ही कुठली भाषा होती का, ताई? काही सांगत होता का तो?"

आई माझ्याकडे बघत होती. सहादू गेला होता. नाथाला आता न्यायला कुणी उरलं नव्हतं, नवस संपला होता, सुईचं नाव काढायला आमच्या घरात कुणाचीही बंदी नव्हती.

मी म्हटलं, "मला नाही माहीत."